चार दिशा की आठ? : व्हिडिओ गेम यंत्राच्या दांडीतील बदल आणि सातारा-सांगली परिसरातील कारागिरीची परंपरा

प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात धरणे, रेल्वे, गिरण्या आणि कारखाने यांना मोठे स्थान मिळाले आहे. त्या मानाने सामान्य माणसाच्या हाताखाली रोज येणाऱ्या लहान साधनांची दखल फार कमी घेतली गेली. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत महाराष्ट्रातील मोठ्या शहरांत आणि त्यापाठोपाठ जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावांत पसरलेले व्हिडिओ गेम पार्लर हे याचे ठळक उदाहरण होय. एस. टी. स्थानकाजवळचा किंवा महाविद्यालयाच्या वाटेवरचा गाळा, भिंतीला लावून उभी केलेली तीन-चार यंत्रे, हातातील रुपयाचे नाणे किंवा टोकन आणि पडद्यापुढे दाटलेली मुले हे चित्र त्या पिढीतील वाचकांस परिचित आहे. त्या यंत्राच्या फळीवर बसविलेली दांडी, म्हणजेच जॉयस्टिक, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ही दांडी मुख्यतः दोन प्रकारांनी काम करते. एका प्रकारात वर, खाली, डावी आणि उजवी अशा चारच दिशा मिळतात. दुसऱ्या प्रकारात त्यांच्या मधल्या चार तिरप्या दिशा धरून एकूण आठ दिशा मिळतात. वरून पाहता दोन्ही दांड्या सारख्याच दिसतात. परंतु चार दिशांसाठी रचलेला खेळ आठ दिशांच्या दांडीवर खेळला, तर खेळाडूचा अंदाज बरोबर असूनही पडद्यावरील पात्र भलतीकडे वळते. आठ दिशांचा खेळ चार दिशांच्या दांडीवर खेळावयास घेतला, तर त्यातील अनेक हालचाली करताच येत नाहीत. या अडचणीतून एकाच दांडीला गरजेप्रमाणे चार किंवा आठ दिशांवर आणण्याचे निरनिराळे उपाय निघाले.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, दांडीच्या या दोन प्रकारांचा इतिहास थोडक्यात मांडणे. दुसरे, दिशा बदलण्याच्या पद्धतींमागील यंत्रतत्त्व स्पष्ट करणे. तिसरे, परकी यंत्र आपल्या गरजेप्रमाणे घडवून घेण्याच्या सातारा-सांगली परिसरातील जुन्या परंपरेच्या प्रकाशात या बदलाचा अर्थ लावणे. या दोन जिल्ह्यांचा एकत्र विचार करण्यास ऐतिहासिक आधार आहे. १९४९ साली अस्तित्वात आलेल्या ‘दक्षिण सातारा’ जिल्ह्यालाच १९६० साली ‘सांगली’ हे नाव मिळाले.

दांडीचा प्रवास

जॉयस्टिक हा शब्द मूळचा विमानविद्येतील. विसाव्या शतकाच्या आरंभी वैमानिकाच्या गुडघ्यांमधील सुकाणूच्या दांडीस हे नाव पडले. खेळाच्या यंत्रात ती लगेच आली नाही. १९७२ साली अमेरिकेतील अटारी कंपनीने बाजारात आणलेल्या ‘पाँग’ या खेळात दांडी नव्हती. त्यात फिरविण्याचे गोल बटण होते, कारण चेंडू अडविणारी पट्टी केवळ वर-खाली सरकत असे. १९७८ साली जपानच्या तैतो कंपनीने आणलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या खेळातही तोफ डावीकडे आणि उजवीकडे एवढीच सरकत होती. त्या काळातील यंत्र एका खेळापुरते घडविलेले असे आणि त्याची नियंत्रणे त्या खेळाच्या मापाने बेतलेली असत.

१९८० साली नामको कंपनीचा ‘पॅक-मॅन’ आला आणि १९८१ साली निन्टेन्डो कंपनीचा ‘डाँकी काँग’ आला. पहिल्याची रचना तोरू इवातानी यांची आणि दुसऱ्याची शिगेरू मियामोटो यांची. ‘पॅक-मॅन’मधील भूलभुलय्याच्या सर्व गल्ल्या काटकोनात वळतात. ‘डाँकी काँग’मध्ये पात्र आडव्या पुलावरून चालते आणि शिडीवरून चढते-उतरते. दोन्ही खेळांत तिरप्या दिशेला काही अर्थच नाही, म्हणून त्यांच्या यंत्रांवर चार दिशांची दांडी बसविण्यात आली. १९८२ सालचा गॉटलिब कंपनीचा ‘क्यूबर्ट’ हा खेळ याच नियमाचे वेगळे रूप दाखवितो. त्यातील पात्र पायऱ्यांच्या त्रिकोणी रचनेवर केवळ तिरक्या उड्या मारते. त्यासाठी चार दिशांचीच दांडी पंचेचाळीस अंशांत वळवून फळीवर बसविण्यात आली होती.

याच काळात आठ दिशांचे खेळही वाढत होते. १९८२ सालच्या विल्यम्स कंपनीच्या ‘रोबोट्रॉन : २०८४’ या खेळात एका दांडीने चालावयाचे आणि दुसरीने गोळ्या झाडावयाच्या, आणि दोन्हींस आठ दिशा, अशी योजना होती. तथापि आठ दिशांची दांडी सर्वमान्य झाली ती १९९१ साली कॅपकॉम कंपनीच्या ‘स्ट्रीट फायटर २’मुळे. या खेळातील प्रसिद्ध डाव टाकण्यासाठी दांडी खाली, मग खालच्या तिरप्या कोनात, मग पुढे अशी सलग फिरवून ठोशाचे बटण दाबावे लागते. मधला तिरपा टप्पा यंत्रापर्यंत पोहोचला नाही तर डाव पडत नाही. १९९३ साली त्याच कंपनीने काढलेला ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ हा खेळ भारतात त्यातील एका पात्राच्या नावावरून ‘मुस्तफा’ म्हणून ओळखला गेला. त्यातही पात्र रस्त्याच्या रुंदीत तिरके चालते. अशा रीतीने पार्लरच्या भरभराटीच्या काळात चार दिशांचे जुने खेळ आणि आठ दिशांचे नवे खेळ एकाच छपराखाली नांदत होते.

दांडीची अंतर्गत रचना

फळी उघडून खालून पाहिल्यास दांडीची रचना अगदी साधी दिसते. मध्यभागी लोखंडी दांडा, त्याला आधार देणारा गोलाकार सांधा, हात सोडताच दांडा सरळ उभा करणारी स्प्रिंग आणि भोवती चार बाजूंना चार लहान स्विच असतात. सुरुवातीच्या यंत्रांत हे स्विच पितळी पात्यांचे असत. पुढे ‘टिक’ असा आवाज करणारे मायक्रोस्विच रूढ झाले. दांडा ज्या बाजूला झुकेल त्या बाजूचा स्विच दाबला जातो. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, आठ दिशांच्या दांडीतही स्विच चारच असतात. दांडा वरच्या उजव्या कोपऱ्यात गेला की वरचा आणि उजवा असे दोन स्विच एकाच वेळी दाबले जातात आणि त्या दोहोंच्या संयोगास यंत्र तिरपी दिशा मानते. उभ्या अक्षावर वर, मध्य, खाली अशा तीन स्थिती आणि आडव्या अक्षावर डावी, मध्य, उजवी अशा तीन स्थिती मिळून नऊ स्थिती होतात. त्यातील एक विश्रांतीची आणि उरलेल्या आठ दिशांच्या.

मग चार दिशांची दांडी वेगळी कशी ठरते? फरक असतो तो दांड्याच्या टोकाभोवती बसविलेल्या एका लहान पट्टीत. या पट्टीस मधोमध छिद्र असते आणि दांडा त्या छिद्राच्या बाहेर जाऊ शकत नाही. छिद्र चौकोनी असून त्याच्या बाजू फळीच्या बाजूंशी समांतर असतील, तर दांडा चौकोनाच्या कोपऱ्यांत शिरतो, दोन स्विच एकदम दाबले जातात आणि आठ दिशा मिळतात. तीच पट्टी पंचेचाळीस अंशांत फिरवून बसविली, की चौकोनाचे कोपरे वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे येतात. तिरप्या दिशेला आता चौकोनाची सपाट बाजू आडवी येते, दांडा तेथे अडतो आणि दुसरा स्विच दाबला जात नाही. एका वर्तुळाच्या अष्टमांश फिरकीने आठ दिशांची दांडी चार दिशांची होते. जपानच्या सानवा कंपनीच्या जेएलएफ या सुप्रसिद्ध दांडीत अशी फिरवून बसविता येणारी पट्टी कारखान्यातूनच दिलेली असते.

चौकट एक, खेळ अनेक

एका खेळाचे एक यंत्र अशी स्थिती राहिली असती, तर हा प्रश्न उद्भवलाच नसता. खेळ बदलला की यंत्र बदलले, आणि यंत्राबरोबर दांडीही बदलली. परंतु यंत्राची लाकडी पेटी, चित्रनलिका, वीजपुरवठा आणि फळी हा खर्चाचा मोठा भाग असून खेळ मात्र एका छापील सर्किटच्या पाटीवर सामावलेला असतो. तेव्हा पेटी तीच ठेवून आतील पाटी बदलणे मालकास परवडणारे होते. १९८५ साली जपानमधील उत्पादकांच्या संघटनेने ‘जामा’ या नावाने ओळखली जाणारी जोडणीची एकसारखी पद्धत ठरविली. छप्पन्न संपर्कांच्या एका कनेक्टरमधून चित्र, आवाज, वीज, नाणे, बटणे आणि दांडी यांच्या सर्व तारा जाऊ लागल्या. एक पाटी काढून दुसरी खोचणे हे काही मिनिटांचे काम झाले.

या प्रमाणित जोडणीत प्रत्येक खेळाडूच्या दांडीसाठी चार तारा राखून ठेवलेल्या आहेत. पाटीला एवढेच कळते की वरची तार जोडली गेली की नाही, खालची जोडली गेली की नाही. दांडीखालची पट्टी सरळ आहे की फिरविलेली, हे पाटीस कळण्याचा मार्ग नाही. तारांची भाषा सर्वत्र एक झाली, परंतु हाताची मर्यादा ठरविण्याचे काम मात्र पेटीच्या मालकाकडे आणि दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे राहिले. आठ दिशांच्या लढाईच्या खेळासाठी सजविलेल्या पेटीत ‘पॅक-मॅन’ची पाटी खोचली, तर खेळ सुरू होतो, चित्र येते, आवाज येतो, पण वळणावर घात होतो. खेळाडू डावीकडे जात असताना वरच्या गल्लीत वळण्यासाठी दांडी फिरवितो, ती क्षणभर कोपऱ्यात राहते, यंत्राला डावे आणि वर असे दोन आदेश एकदम मिळतात आणि खेळाच्या कार्यक्रमास त्यांपैकी एकच ग्राह्य धरावा लागतो. तो नको असलेला निघाला तर वळण हुकते आणि मागून येणारे भूत गाठते.

भारतातील पार्लरमध्ये ही स्थिती विशेष तीव्र होती. प्लायवूडची पेटी देशात सुतारकाम करून बनविली जाई आणि खेळांच्या पाट्या बाहेरून, पुष्कळदा वापरलेल्या किंवा नकललेल्या स्वरूपात, येत. नवीन पाटी आली की जुनी मोठ्या शहराकडून लहान गावाकडे सरके. परिणामी लहान गावातील पेटीने आपल्या आयुष्यात अनेक खेळ पाहिले आणि तिच्या दांडीस त्या सर्वांशी जमवून घ्यावे लागले.

दिशा बदलण्याच्या पद्धती

या समस्येवरील उपायांचे स्थूलमानाने तीन वर्ग पाडता येतात.

पहिला वर्ग यांत्रिक बदलाचा. त्यातील प्राथमिक रीत म्हणजे फळी उघडणे, स्क्रू सैल करणे, पट्टी फिरविणे किंवा उलटी बसविणे आणि स्क्रू पुन्हा आवळणे. पट्टी नसलेल्या स्वस्त दांडीस योग्य छिद्राची धातूची किंवा जाड प्लास्टिकची चकती कापून लावता येते. यात मापाची अचूकता महत्त्वाची. छिद्र थोडे मोठे झाले तर तिरप्या दिशेत दोन्ही स्विच लागतात. थोडे लहान झाले तर सरळ दिशेतही स्विच पुरता दाबला जात नाही. प्रत्येक वेळी फळी उघडणे गैरसोयीचे असल्याने फळीवरूनच बदल करता येईल अशा दांड्या पुढे निघाल्या. ब्रिटनच्या अल्टिमार्क या कंपनीच्या मॅग-स्टिक प्लस या दांडीत दांडा वर ओढून फिरविला की प्रकार बदलतो. त्याच कंपनीच्या सर्वोस्टिक या साधनात एक छोटी मोटर पट्टी फिरविते आणि निवडलेल्या खेळाप्रमाणे संगणकच तिला आज्ञा देतो.

दुसरा वर्ग विद्युत जोडणीतील बदलाचा. यात पट्टीस हात न लावता तारांची मांडणी बदलली जाते. मायक्रोस्विचला सामान्यतः तीन टोके असतात. एक सामाईक, दुसरे दाबल्यावर जोडले जाणारे आणि तिसरे दाबल्यावर सुटणारे. वर-खालच्या स्विचांना जाणारी सामाईक तार डाव्या आणि उजव्या स्विचांच्या ‘दाबल्यावर सुटणाऱ्या’ टोकांमधून नेली, तर डावा किंवा उजवा स्विच दाबताच वर-खालचा मार्ग आपोआप तुटतो. दोन आदेश एकदम जाण्याची शक्यता उरत नाही. या तुटणाऱ्या मार्गास समांतर असे एक साधे खटक्याचे बटण लावले, की ते चालू करताच अडथळा टळतो आणि पुन्हा आठ दिशा मिळतात. चार तारांना डाख दिला आणि एक खटका बसविला, की काम झाले. लेथची किंवा यारीची मोटर उलटसुलट फिरविणाऱ्या स्टार्टरमध्ये दोन्ही दिशांचे प्रवाह एकदम जाऊ नयेत म्हणून जे इंटरलॉक असते, त्याचेच हे लहान रूप होय. मात्र या रीतीत एक दोष आहे. आडव्या दिशेला कायम अग्रक्रम मिळतो. उभ्या दिशेतून आडव्या दिशेत वळणे सुलभ होते, पण आडव्यातून उभ्यात वळताना आधीचा स्विच पुरता सुटेपर्यंत थांबावे लागते.

तिसरा वर्ग तर्कनियमाचा. दांडी आणि पाटी यांच्यामध्ये लहान मायक्रोकंट्रोलर बसवून त्याला नियम शिकविला जातो की, दोन आदेश एकदम आल्यास जो नंतर आला तो ग्राह्य धरावा. यात वरील दोष राहत नाही. १९९७ साली इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी ‘मेम’ हा जुनी यंत्रे संगणकावर हुबेहूब चालविणारा कार्यक्रम प्रसिद्ध केला. त्यानंतर एका पेटीत शेकडो खेळ ठेवण्याची हौस जगभर वाढली आणि पाटी बदलताना पूर्वी अधूनमधून भासणारी ही गरज खेळागणिक भासू लागली. या वर्गातील उपायात दांड्याच्या शारीरिक हालचालीस अडथळा नसतो, त्यामुळे हाताला दिशेची सीमा जाणवत नाही. पट्टीवर दांडा टेकल्याची जी खूण बोटांस मिळते ती येथे हरवते. अनुभवी खेळाडू यांत्रिक पट्टीलाच पसंती देतात, त्याचे कारण हे आहे.

सातारा-सांगली परिसरातील कारागिरीचा वारसा

दुसरीकडे घडलेले साधन स्वीकारून आपल्या हाताला आणि कामाला जुळेल असे त्यात फेरफार करणे, ही या परिसरात नवी गोष्ट नाही. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या साहाय्याने लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर कारखाना वसविला. तीच आजची सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगर परदेशी नांगराचा अभ्यास करून तयार झाला होता. लोखंडाने जमीन विषारी होते अशा समजुतीमुळे सुरुवातीस शेतकरी तो घेण्यास धजत नव्हते आणि पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. दख्खनच्या मातीत आणि शेतकऱ्याच्या हातात उपयोगी ठरल्यावरच तो रुळला. सातारा जिल्ह्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ साली सुरू केलेल्या उद्योगातूनही शेतीची अवजारे आणि पुढे डिझेल इंजिने तयार झाली. या दोन उद्योगांच्या आसपास ओतकाम, लेथकाम आणि फिटरकाम जाणणाऱ्या पिढ्या वाढल्या. १९४७ साली सांगलीत स्थापन झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने आणि पुढील काळात निघालेल्या औद्योगिक वसाहतींनी त्या कौशल्यास शिक्षणाची आणि रोजगाराची जोड दिली.

मिरजेचे उदाहरण अधिकच उद्बोधक आहे. शस्त्रांना धार लावणारे आणि त्यांची दुरुस्ती करणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेब शिकलगार यांचे नाव या परंपरेच्या आरंभी आदराने घेतले जाते. शस्त्रांची मागणी ओसरली, पण धातू आणि लाकूड ओळखणारा हात तोच राहिला. त्यातून मिरजेची सतार आणि तानपुरा देशभर नावाजला गेला. २०२४ साली या वाद्यांना भौगोलिक मानांकनही लाभले. तानपुऱ्याच्या घोडीवर जवारी काढण्याचे काम या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. घोडीच्या पृष्ठभागावर कानस किंचित फिरविली आणि तारेखाली सुताचा दोरा योग्य जागी सरकविला, की तारेचा झंकार खुलतो. केसभर अधिक घासले तर तो बसतो. वाद्याच्या आकाराच्या मानाने हा भाग नगण्य असला, तरी वाद्य बोलणार की नाही हे त्यावरच ठरते.

दांडीखालच्या पट्टीचे कार्य याच जातीचे आहे. यंत्राच्या किमतीत तिचा वाटा क्षुल्लक, परंतु खेळाडू आणि यंत्र यांच्यातील संवाद तिच्या मापावर अवलंबून असतो. नांगर, तानपुरा आणि खेळाची दांडी यांची प्रतिष्ठा समान नाही, हे उघड आहे. एकाने शेती बदलली, दुसऱ्याने संगीताची सेवा केली आणि तिसरीकडे पालक व शिक्षक संशयाने पाहत आले. तरीही कारागिराच्या दृष्टीने तिन्ही ठिकाणचा प्रश्न एकच आहे : वस्तू ज्याच्या हातात जाणार त्याच्या हाताशी ती प्रामाणिक आहे काय?

कौशल्य, दैव आणि कायदा

हा प्रामाणिकपणाचा मुद्दा केवळ नैतिक नाही, त्यास कायद्याचीही बाजू आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियमातून केवळ कौशल्यावर आधारलेले खेळ वगळण्यात आले आहेत. १९९६ साली के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या घोड्यांच्या शर्यतीसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ज्या खेळात कौशल्याचे प्राबल्य असते तो कौशल्याचा खेळ होय, असे तत्त्व मांडले. त्याआधी १९९५ साली, सांगली जिल्ह्याला लागून असलेल्या कर्नाटकातून आलेल्या एम. जे. सिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात व्हिडिओ गेमचाच प्रश्न न्यायालयापुढे होता. अशा यंत्रांच्या चालकांना परवान्याची अट घालणे वैध ठरविताना यंत्रात फेरफार करून खेळाडूच्या कौशल्यास वाव कमी करता येतो, ही बाब न्यायालयाने विचारात घेतली. महाराष्ट्रात करमणूक शुल्काच्या कायद्याने व्हिडिओ गेमकडे करमणुकीचे साधन म्हणून पाहिले. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर ही करव्यवस्था बदलली.

या निवाड्यांच्या संदर्भात दांडीच्या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते. पार्लरमधील मुलगा नाणे टाकतो तेव्हा तो एक अलिखित करार करतो. हात चुकला तर डाव जाईल आणि हात साधला तर खेळ लांबेल, हा त्या कराराचा गाभा. खेळाशी विसंगत दांडीमुळे हा करार मोडतो. वळण हुकण्याचे कारण त्याच्या बोटांत नसून फळीखालच्या पट्टीत असते, आणि ते त्याला दिसत नाही. तो स्वतःलाच दोष देतो आणि पुढचे नाणे टाकतो. कौशल्याच्या खेळात अशा रीतीने दैवाचा शिरकाव होतो. यात मालकाचा हेतू वाईट असलाच पाहिजे असे नाही. पाटी बदलताना पट्टी फिरविण्याचा आळस किंवा अज्ञानही पुरेसे आहे. परंतु डाव लवकर संपला तर नाणी अधिक जमा होतात, हे व्यवहाराचे सत्य असल्याने दुरुस्तीची निकड मालकाला कमी आणि खेळाडूला अधिक होती. निकड असलेल्याच्या हाती स्क्रू-ड्रायव्हर नव्हता आणि ज्याच्या हाती तो होता त्याला निकड नव्हती. दिशाबदलाच्या साधनाचा खरा सामाजिक अर्थ या विषमतेत शोधावा लागतो. फळीच्या वरून बदलता येणारी दांडी किंवा समोर बसविलेला खटका या उपायांनी हा निर्णय पेटीच्या आतून बाहेर आणला आणि खेळाडूच्या दृष्टीसमोर ठेवला.

घरगुती खेळयंत्रे, त्यानंतर सायबर कॅफे आणि शेवटी भ्रमणध्वनी यांच्या प्रसारानंतर गल्लीतील पार्लर ओसरत गेली. आज बहुसंख्य मुले काचेच्या पडद्यावर रेखलेल्या वर्तुळावर अंगठा फिरवितात. तेथेही चार दिशा घ्यावयाच्या की आठ, हे ठरविणारा नियम असतोच. तो आता खेळाच्या कार्यक्रमात दडलेला असतो आणि कोणताही फिटर तो स्क्रू काढून बदलू शकत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. चार आणि आठ दिशांचा भेद खेळाच्या रचनेतून जन्मला. ‘पॅक-मॅन’ची काटकोनी गल्ली आणि ‘स्ट्रीट फायटर २’चा तिरपा डाव यांनी हाताकडून वेगवेगळ्या अपेक्षा केल्या. एका पेटीत अनेक पाट्या चालविण्याच्या व्यवहारामुळे या भेदाचे रूपांतर समस्येत झाले. १९८५ च्या प्रमाणित जोडणीने तारांचा प्रश्न सोडविला, परंतु हाताचा प्रश्न स्थानिक कारागिरावर सोपविला. पट्टी फिरविणे, जोडणीत इंटरलॉक घालणे आणि मायक्रोकंट्रोलरला नियम शिकविणे हे तीन मार्ग उपलब्ध असून प्रत्येकाची मर्यादा वेगळी आहे. यांत्रिक मार्ग हाताला सीमा जाणवून देतो, विद्युत मार्ग स्वस्त परंतु एका दिशेस झुकते माप देणारा आहे आणि तर्कनियमाचा मार्ग अचूक असूनही स्पर्शाची खूण गमावतो.

सातारा-सांगली परिसराच्या इतिहासात किर्लोस्करवाडीचा नांगर आणि मिरजेचा तानपुरा यांची नोंद अभिमानाने केली जाते. त्या नोंदीत पेटी उघडून पट्टी फिरविणाऱ्या, स्विचला डाख देणाऱ्या आणि चकती कानशीने घासून जुळविणाऱ्या निनावी दुरुस्ती-कारागिराचाही समावेश होणे आवश्यक आहे. पार्लरमधील जुन्या पेट्या भंगारात जात आहेत आणि त्या दुरुस्त करणाऱ्यांचे वय वाढत आहे. महाविद्यालयांच्या इतिहास आणि इलेक्ट्रॉनिक्स विभागांनी एकत्र येऊन आपापल्या गावातील अशा कारागिरांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आणि एखादी पेटी, तिच्या फळीखालच्या पट्टीसह, जतन केली, तर स्थानिक तंत्रेतिहासाचे एक साधन हातचे जाणार नाही. रुपयाच्या नाण्याने खेळणाऱ्या मुलाला न्याय्य डाव मिळाला की नाही, याचा पुरावा त्या लहानशा पट्टीवरच उमटलेला आहे.